जास्तीची वायर

चावी गरम लागते, म्हणाल्या मगदूम बाई.
जोतिबाचा घाट अर्धा चढला की खोकते,
रात्री दिवे लावले की मान टाकते.
अठ्ठ्याहत्तरची फियाट. मूळचा रंग कुठला
ते आता फक्त डिकीच्या झाकणाआत कळतं.

मी मीटर लावला.
बॅटरीवर बारा पॉइंट सहा,
कॉइलवर नऊ पॉइंट चार.
मधले तीन व्होल्ट गेले कुठं?
चावीच्या काळवंडल्या पितळात,
फ्यूजपेटीच्या हिरव्या बुरशीत,
बोनेटखाली चाळीस वर्षं शिजून
पापडासारख्या मोडणाऱ्या वायरीत.
म्हटलं, बाई, ठिणगीच्या वाट्याला
उरलंसुरलं येतंय.
म्हणाल्या, घरात असंच असतंय.

पलीकडच्या फाउंड्रीत ओतकाम चालू होतं,
सगळ्या उद्यमनगराला जळक्या वाळूचा वास.
मी नवी वायर ओढली, अडीचची, लाल,
बॅटरीवरून थेट, वाटेत पंधराचा फ्यूज,
मग रिले, मग कॉइल.
जुनी काढली नाही.
तिला आता रिलेला एवढंच सांगायचं, की चावी फिरली.
ओझं नाही, नुसता निरोप.
पॉइंट काढले, तोंडावर देवीचे वण असल्यासारखे.
त्यांच्या जागी नखाएवढा काळा ठोकळा,
जो कशालाच टेकत नाही
आणि नेमक्या वेळी तोडतो.

बांधणी सोडताना एक वायर जास्तीची निघाली.
पिवळी. कुठल्याच नकाशात नसलेली.
कॉइलच्या मायनसवरून निघून,
क्लचच्या डोक्यावरून, डॅशच्या पाठीमागून,
मेणाच्या दोऱ्यानं बांधत नेलेली,
दर चार बोटांवर गाठ,
गाठीचं शेपूट डावीकडं.
ही गाठ मी ओळखतो.
या गाठीपायी बोटांवर स्क्रूड्रायव्हर खाल्लाय मी.
दस्तगीर शिकलगार, माझा बाप.

वायर संपली तिथं, ड्रायव्हरच्या नाही,
शेजारच्या सीटच्या गुडघ्यापाशी
एक बोटभर स्विच.
वर केला की सगळी ठिणगी बॉडीत.
सेल्फ फिरणार, फिरतच राहणार,
गाडी लागणार नाही.

'सापडला का,' बाई स्टुलावरूनच म्हणाल्या.
तीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी,
त्याच आवाजात पुढचं सांगितलं,
जसं काही नदी कुठं उगवते ते.
'पगाराच्या रात्री यांना निपाणीला जायचं असायचं,
पत्त्याला. मला सोबत न्यायचे,
बहिणीकडं सोडतो म्हणून.
तुझे अब्बा यायचे रात्री दहाला,
कॅप उघडायचे, पॉइंटवर कागद घासायचे,
म्हणायचे, साहेब, आज हिचं मन नाही.
पैसे कधी घेतले नाहीत.
यांना शेवटपर्यंत वाटलं, गाडीच खोटी.'

मला आठवलं,
ताटावरून उठून सायकल काढणारा बाप,
आणि परत आल्यावर राहिलेली भाकरी खाताना
गालात सुपारी धरल्यासारखा गप्प.
आई विचारायची, काय बिघडलं होतं?
'अर्थिंग.'
बास, एवढंच.

दिवस कलल्यावर सेल्फ मारला.
अर्ध्या फेऱ्यात लागली.
ठिणगी आधी तपासली होती, निळी, कोरडी, टचकन वाजणारी.
स्विच काढू का, विचारलं.
बाईंनी खिडकीतून हात आत घातला,
न बघता बोट बरोबर तिथं गेलं.
'वायर काढ. हा असू दे.
कशाला जोडू नकोस.
कोण बसतंय आता त्या सीटवर, पण...'
पुढचं बोलल्या नाहीत.
टायरकडं बघत हवा आहे का विचारलं.

पिवळी वायर गुंडाळून मी खिशात टाकली.
तिचा दोरा मात्र लाल वायरीला वापरला,
चार चार बोटं मोजून, मेण अजून चिकट होतं.
शेवटच्या गाठीपर्यंत लक्षात आलं नाही,
शेपूट उजवीकडं येतंय.
मी डावखुरा आहे.
सोडून पुन्हा बांधली नाही.